पहाटेची आकडी आणि पोटातली गाठ
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

गेल्या अंकात आकडीवरच्या लेखात एक वाक्य होते : काही रुग्णांच्या आकडीचे मूळ मेंदूत नसते, ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या लहानशा गाठीत असते. त्या एका वाक्यावर पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून बरीच पत्रे आली. त्यातल्या निवडक पत्रांना हार्मोनविकार आणि मेंदूविकार या दोन्ही विषयांच्या तज्ज्ञांनी मिळून उत्तरे दिली आहेत. या गाठीला इन्सुलिनोमा म्हणतात. ती दुर्मिळ आहे : दहा लाख लोकांमागे वर्षाला एक ते चार नवे रुग्ण. पण ती सापडली तर बहुतेक वेळा आजार मुळापासून बरा होतो आणि सापडली नाही तर मेंदूचे कायमचे नुकसान होऊ शकते, म्हणून या अंकात तिला एवढी जागा दिली आहे. खाली साखरेचे सर्व आकडे दर १०० मिलीलिटर रक्तामागे मिलिग्रॅम, म्हणजे लॅबच्या रिपोर्टवर असतात तसेच आहेत.

प्रश्न : माझे यजमान ४६ वर्षांचे आहेत. वर्षभरापासून पहाटे कधीतरी ते उठून बसतात, असंबद्ध बोलतात, हाक मारली तर ओ देत नाहीत. एकदा कपाटातले सगळे कपडे काढून पलंगावर रचले. चहा-बिस्किटे पोटात गेली की थोड्या वेळाने माणूस ताळ्यावर येतो, पण काय झाले ते त्यांना आठवत नाही. दोनदा अंग आखडून आकडी आली. ईईजीत किरकोळ दोष निघाला, एमआरआय चांगला आहे. आकडीच्या गोळीचा डोस दोनदा वाढवला, तरी फरक नाही. घाम किंवा थरथर कधी दिसली नाही, त्यामुळे साखर कमी होत असेल असे कुणाच्या मनात आले नाही. वजन मात्र सात किलोने वाढले आहे. हे त्या गाठीमुळे असेल का? — एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : असू शकेल, आणि त्या दिशेने तपासणी व्हायलाच हवी. तुमच्या पत्रातल्या चार गोष्टी एकत्र ठेवून पाहा. प्रकार पहाटे होतो, म्हणजे रात्रीच्या जेवणाला आठ-नऊ तास उलटल्यावर. खाल्ले की उतार पडतो. झाल्या प्रकाराची आठवण राहत नाही. आणि गोळी वाढवूनही फरक नाही. यातली एखादी गोष्ट साध्या अपस्मारातही दिसते. चारही एकत्र आल्या असतील तर त्या क्षणाची साखर मोजल्याशिवाय गोळीचा डोस तिसऱ्यांदा वाढवण्यात अर्थ नाही.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण स्वस्थ बसलेल्या माणसाची सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज त्याला लागते आणि त्याच्याकडे साठा जवळपास नसतो. म्हणून रक्तातून त्याला ग्लुकोज अखंड मिळावे लागते. झोपेत हे काम यकृत करते, थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहते. निरोगी माणसाची साखर ८० च्या आसपास उतरली की स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडणे आवरते घेतात, म्हणजे यकृताला साखर सोडायला मोकळीक मिळते. गाठीतल्या पेशींना हा लगाम नसतो. साखर ५० वर आली तरी इन्सुलिन पाझरतच राहते आणि यकृताचे दार बंद राहते.

त्यात आणखी एक अडचण असते, आणि आमच्या मते या आजारात मेंदूचे हाल होण्याचे ते फार महत्त्वाचे कारण आहे. निरोगी माणूस दोन दिवस उपाशी राहिला तर शरीर चरबी फोडून कीटोन तयार करते आणि मेंदू ते इंधन म्हणून वापरतो. इन्सुलिन चरबी फोडूच देत नाही. त्यामुळे साखर नाही आणि कीटोनही नाहीत. उपासाने ५० वर आलेली साखर आणि गाठीमुळे ५० वर आलेली साखर हे लॅबच्या कागदावर सारखे आकडे असले, तरी मेंदूच्या दृष्टीने दुसरी स्थिती कितीतरी वाईट असते.

आता घामाबद्दल. साखर ६५-७० च्या खाली गेली की शरीर ॲड्रेनलिन आणि ग्लुकॅगॉन ही साखर वाढवणारी हार्मोने सोडते. ५५-६० च्या सुमाराला घाम, थरथर, छातीत धडधड, भूक अशी धोक्याची सूचना मिळते. ५० च्या आसपास मेंदूची स्वतःची लक्षणे सुरू होतात : शब्द न सुचणे, दोन-दोन दिसणे, चिडचिड, भलतेसलते वागणे. आणखी खाली आकडी आणि बेशुद्धी. पण साखर वरचेवर उतरत असेल तर शरीर त्या कमी पातळीला सरावते आणि सूचना देणारी पातळी खाली खाली सरकत जाते. शेवटी घामाआधीच गोंधळ उडतो. तुमच्या यजमानांना घाम येत नाही याचा अर्थ साखर उतरत नाही असा नाही. ती बऱ्याच महिन्यांपासून उतरत असेल, असाही तो असू शकतो. वजन वाढण्याचे कारण साधे आहे. खाल्ले की बरे वाटते हे शरीराला कळलेले असते आणि माणूस नकळत वारंवार खाऊ लागतो.

ईईजीतल्या दोषाने बऱ्याच रुग्णांची दिशाभूल झालेली आहे. साखर उतरलेली असताना मेंदूच्या लहरी मंदावतात, कधी आकडीसारखे अणकुचीदार आलेखही येतात. ईईजीला दोष दिसला म्हणजे कारण मेंदूतच आहे असे ठरत नाही. फेनिटॉइन हे आकडीचे जुने औषध इन्सुलिन सुटण्याला थोडा अटकाव करते. त्यामुळे क्वचित प्रकार कमी झाल्यासारखे वाटून निदान आणखी लांबते.

तुम्ही करायचे ते असे. ग्लुकोमीटर पलंगाशेजारी ठेवा, पट्ट्यांची मुदत तपासा. पुढच्या वेळी प्रकार दिसताच त्यांचे बोट ओल्या कपड्याने पुसून कोरडे करा, टोचा, आकडा वाचा आणि मगच साखर द्या. बिस्किटाचा चुरा किंवा साखर लागलेल्या बोटाने आकडा खोटा जास्त येतो. या सगळ्याला एक मिनिट लागते. ते अंगावर येत असतील, टोचू देत नसतील, तर मोजण्याच्या मागे लागू नका, आधी साखर द्या. तारीख, वेळ, शेवटचे खाणे किती वाजता झाले, आकडा, साखर दिल्यावर किती मिनिटांनी भान आले, एवढे वहीत लिहा. शक्य असेल तर मोबाईलवर व्हिडिओ घ्या. डॉक्टरांना तो दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. इस्पितळात न्यावे लागले तर ग्लुकोजचे इंजेक्शन देण्यापूर्वी रक्त काढून ठेवायला सांगा, साखर, इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन तयार करते तेव्हा त्याच्याबरोबर सुटणारा तुकडा) यांसाठी. सुई टोचलेलीच असते, वेळ वाया जात नाही आणि त्या एका नमुन्यामुळे पुढची तपासणी कितीतरी सोपी होते.

घरी मुद्दाम उपाशी ठेवून पाहू नका. आणि आकडीची गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्यानेही आकडी येते. वही घेऊन एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनविकारतज्ज्ञाकडे जा.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला ७२ तासांच्या उपवासाच्या तपासणीसाठी भरती व्हायला सांगितले आहे. ती दर एकादशीला उपवास करते, काही होत नाही. मग घरीच उपवास करून सकाळी लॅबमध्ये रक्त दिले तर चालणार नाही का? खर्चही वाचेल. की दंडावर लावायचा साखर मोजणारा सेन्सर पुरेल? — एक वाचक, निगडी

उत्तर : चालणार नाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, राजगिऱ्याचा लाडू, केळी असे काही ना काही पोटात जाते, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याला वैद्यकीय अर्थाने उपवास म्हणता येत नाही. उलट काही रुग्णांना त्या दिवशी बरे वाटते.

ही तपासणी इस्पितळातच करतात, कारण तिचा हेतू साखर उतरवण्याचा आणि उतरलेल्या क्षणी नमुना पकडण्याचा आहे. शेवटचा घास कधी खाल्ला ती वेळ लिहून घड्याळ सुरू होते. पाणी हवे तेवढे चालते. हाताला सलाईनची सुई लावून ठेवतात, पण ग्लुकोज चालू नसते. दर सहा तासांनी रक्त घेतात. साखर ६० किंवा त्याखाली आली की दर एक-दोन तासांनी. जागेपणी रुग्णाला वॉर्डात चालायला लावतात, कारण स्नायूंनी साखर वापरली की चित्र लवकर स्पष्ट होते. नर्स अधूनमधून साधे प्रश्न विचारते : शंभरातून सात-सात वजा करा, आज वार कोणता. उत्तरे अडखळू लागली की लगेच नमुना घेतात.

साखर ४५ किंवा त्याखाली येऊन लक्षणे दिसली की उपवास संपला. पूर्ण ७२ तास लागतातच असे नाही. गाठ असलेल्यांपैकी बहुतेकांची साखर पहिल्या ४८ तासांतच कोसळते, पुष्कळांची २४ तासांत. शेवटच्या नमुन्यात साखर ५५ च्या खाली असताना इन्सुलिन ३ मायक्रोयुनिट, सी-पेप्टाइड ०.६ नॅनोग्रॅम (दोन्ही दर मिलीलिटरमागे) आणि प्रोइन्सुलिन (इन्सुलिनचे आधीचे रूप) ५ पिकोमोल दर लिटर किंवा त्याहून जास्त निघाले, तर शरीर गरज नसताना इन्सुलिन तयार करत आहे हे सिद्ध होते. कीटोन २.७ मिलिमोलच्या आत असणे हा आणखी एक पुरावा. सगळ्यात शेवटी शिरेतून १ मिलिग्रॅम ग्लुकॅगॉन देऊन अर्धा तास साखर पाहतात. ती २५ किंवा त्याहून जास्त वाढली तर यकृतात साठा होता आणि इन्सुलिनने तो अडवून धरला होता असा अर्थ होतो. मग बहिणीला जेवायला देतात.

चुका होतात त्या नमुन्यात. साखरेचे रक्त करड्या टोपणाच्या फ्लोराइडच्या नळीत घ्यावे लागते. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात आणि नळी तासभर पडून राहिली तर आकडा खोटा कमी येतो. नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या असतील तर इन्सुलिन खोटे कमी मोजले जाते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, काही यंत्रांवर त्यामुळे हार्मोनचे आकडे बिघडतात. आणि एक लक्षात ठेवा : तरुण, निरोगी बाईची साखर लांब उपवासात ४५ च्याही खाली जाऊ शकते आणि तिला काहीही होत नाही. म्हणून नुसत्या आकड्यावर निदान करत नाहीत. लक्षणे, त्याच वेळी कमी साखर आणि साखर वाढवल्यावर लक्षणे जाणे, हे तिन्ही हवे. अमेरिकन शल्यचिकित्सक ॲलन व्हिपल यांनी १९३० च्या दशकात मांडलेली ही त्रिसूत्री आजही निदानाचा पाया आहे.

दंडावर लावायच्या सेन्सरबद्दलही तुम्ही विचारले आहे. अंदाज घ्यायला तो चांगला, निदानाला नाही. त्या कुशीवर झोपले की सेन्सर दाबला जातो आणि मध्यरात्री खोटी घसरण दाखवतो.

प्रश्न : आईचे वय ७१, तिला मधुमेह नाही. दोनदा सकाळी गुंगीत सापडली, साखर ३८ आणि ४४. इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड दोन्ही जास्त आले. सोनोग्राफीत स्वादुपिंडावर १ सेंटिमीटरची पाण्याची गाठ दिसते आहे. ऑपरेशन करायचे ठरते आहे. बाबांना मधुमेह आहे, त्यांना ग्लिमेपिराइड चालू आहे. — एक वाचक, हडपसर

उत्तर : ऑपरेशनची तारीख घेण्यापूर्वी थांबा. पत्रातले शेवटचे वाक्य आम्हाला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वतःच्या बीटा पेशींना पिळून इन्सुलिन बाहेर काढतात. त्यामुळे रक्तात इन्सुलिनही वाढते आणि सी-पेप्टाइडही, अगदी गाठीसारखेच. घरात दोघांच्या गोळ्या एकाच डब्यात असतील, पाकिटे कापून ठेवली असतील, चष्मा न लावता घेतल्या जात असतील, तर आईने रक्तदाबाच्या गोळीऐवजी बाबांची गोळी घेणे सहज शक्य आहे. साखर उतरलेली असताना घेतलेल्या रक्तात किंवा लघवीत सल्फोनिलयुरिया गटाची, म्हणजे याच जातीची, औषधे शोधण्याची तपासणी होते. सगळ्या लॅबमध्ये ती नसते, नमुना बाहेर पाठवावा लागतो. पण तिच्याशिवाय पोटाला सुरी लावू नये. आई कोणती चूर्णे किंवा बिनलेबलच्या पुड्या घेते का, तेही पाहा. मधुमेहाच्या अशा पुड्यांत या गोळ्यांची भेसळ आढळलेली आहे. मूत्रपिंड कमजोर असेल तर एका गोळीचा परिणाम दोन-तीन दिवसही रेंगाळतो.

सोनोग्राफीतल्या त्या गाठीचे म्हणाल, तर या वयात स्वादुपिंडावर पाण्याच्या लहान गाठी पुष्कळांना असतात आणि त्यांचा इन्सुलिनशी संबंध नसतो. इन्सुलिनोमा बहुधा भरीव, रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो. आधी रक्ताने आजार सिद्ध करायचा, मग चित्रात गाठ शोधायची. हा क्रम उलटला की नको ती गाठ निघते आणि आजार जागच्या जागी राहतो. आजपासून दोघांच्या गोळ्या वेगळ्या खोलीत, वेगळ्या रंगाच्या डब्यात ठेवा.

प्रश्न : मी २१ वर्षांची आहे, वसतिगृहात राहते. सकाळी नुसता चहा घेऊन कॉलेजला गेले की बाराच्या सुमाराला हात थरथरतात, चिडचिड होते. मला ही गाठ असेल का? — एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : जवळजवळ नक्कीच नाही. तुम्हाला सगळे आठवते, भान जात नाही, आणि कारण समोर आहे. सकाळी पोहे, उपमा, अंडे-पोळी, काहीही खाऊन निघा. त्यानंतरही त्रास राहिला तर त्या वेळची साखर एकदा मोजा. ७० च्या वर असेल तर हा विषय सोडून द्या आणि हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासून घ्या.

प्रश्न : भाऊ चाकणला कंपनीत आहे. तिसऱ्या पाळीच्या शेवटी दोन-तीनदा तो झिंगल्यासारखा बोलू लागला, सुपरवायझरला वाटले पिऊन आला. भाऊ दारूला शिवत नाही. आता तपासणीत इन्सुलिनोमाचे निदान झाले आहे, ऑपरेशनला महिनाभर आहे. तोवर काय सांभाळायचे? प्रकार झाला तर नेमके काय करायचे? तो रोज मोटारसायकलने जातो. — एक वाचक, भोसरी

उत्तर : मोटारसायकल आजपासून बंद, आणि यात सवलत नाही. नाशिक फाट्याच्या रहदारीत दहा सेकंद भान गेले तरी काय होईल ते सांगायला नको. तिसरी पाळी बंद, उंचावरचे आणि फिरत्या यंत्रावरचे काम बंद. डॉक्टरांकडून तसे पत्र घेऊन कंपनीत द्या. ते पिण्याचा गैरसमजही दूर करेल, आणि तो दूर झालाच पाहिजे. भावाच्या खिशात आजाराचे नाव, ‘साखर मोजा, साखर द्या’ हे दोन शब्दप्रयोग आणि तुमचा फोन नंबर लिहिलेले कार्ड असू द्या.

भान असेल आणि गिळता येत असेल तर १५ ते २० ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे चार सपाट चमचे साखर अर्ध्या पेला पाण्यात, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. ग्लुकोज पावडर लवकर लागू पडते. पेढा, चॉकलेट, आइस्क्रीम अशा वेळी कामाचे नाहीत, स्निग्धामुळे साखर उशिरा शोषली जाते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. ७० च्या वर नसेल तर तेवढेच पुन्हा द्या. वर आली की लगेच पोळी-भाजी, दूध-भाकरी असे टिकणारे काही खायला घाला. हा शेवटचा भाग लोक हमखास विसरतात. गाठ अजून इन्सुलिन सोडत असते, काही गाठी तर साखर पोचताच जास्तच सोडतात, आणि तासाभरात साखर परत कोसळते.

बेशुद्ध असेल, आकडी चालू असेल, तर तोंडात काहीही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवणे नको, दातांत चमचा नको. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि ‘साखर कमी होण्याचा आजार आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. घरी ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन ठेवायचे का ते डॉक्टरांना विचारा. ते १ मिलिग्रॅम, मांडीत देतात. पण ते गाठीलाही इन्सुलिन सोडायला उत्तेजन देते, म्हणून भान आल्यावर खाणे आणि इस्पितळात जाणे दोन्ही आवश्यक. इस्पितळात शिरेतून २५ ग्रॅम ग्लुकोज देतात आणि मागोमाग १० टक्के ग्लुकोजचे सलाईन चालू ठेवतात. नुसते एक इंजेक्शन देऊन घरी पाठवत असतील तर निदानाचा कागद दाखवा.

महिनाभराच्या खाण्याबद्दल : दर अडीच-तीन तासांनी थोडे खायचे, भूक असो वा नसो. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, दही, अंडी, शेंगदाणे पोटात टिकतात. झोपताना एकदा आणि पहाटे अडीच-तीनचा गजर लावून एकदा. काही डॉक्टर झोपताना थंड दुधात कच्चे कॉर्नफ्लॉवर कालवून घ्यायला सांगतात. ते हळूहळू पचते, शिजवले तर तो गुण जातो. उपवास, मग संकष्टी असो की नवरात्र, ऑपरेशन होईपर्यंत नाही. पहाटे रिकाम्या पोटी सिंहगड चढणे नाही. उपास आणि श्रम एकत्र आले की साखर सगळ्यात वेगाने उतरते. दारू पीत नाही हे उत्तमच, ती यकृताचे साखर बनवणे थांबवते.

डायझॉक्साइड नावाचे औषध बीटा पेशींचे इन्सुलिन सोडणे कमी करते आणि ऑपरेशनपर्यंत ते अनेकांना तारून नेते. पायाला सूज, मळमळ, अंगावर लव वाढणे हे त्याचे त्रास आहेत. दुसरे औषध ऑक्ट्रिओटाइड. ते काहींना लागू पडते, पण काहींची साखर त्याने आणखी उतरते, कारण ते ग्लुकॅगॉनही दाबते. त्याचा पहिला डोस देखरेखीखालीच घ्यावा.

प्रश्न : रक्तात आजार सिद्ध झाला, पण सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसत नाही. आता? — एक वाचक, सहकारनगर

उत्तर : हे नेहमीचे आहे. दहापैकी नऊ गाठी २ सेंटिमीटरपेक्षा लहान असतात, काही तर वाटाण्याएवढ्या. साध्या सीटीत त्या निसटतात. स्वादुपिंडासाठीचा वेगळा, तीन टप्प्यांचा सीटी झाला आहे का ते रिपोर्टवर पाहा. रंगद्रव्य धमनीत असतानाच्या काही सेकंदांत ही गाठ उजळून दिसते. नंतर एमआरआय, आणि तोंडावाटे जठरात दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी, जी पाच-सहा मिलिमीटरची गाठही दाखवू शकते. तेही कोरे आले तर गॅलियम-एक्सेंडिन पेट स्कॅन, जो या गाठीसाठी आज सर्वांत तल्लख मानला जातो. तो देशात मोजक्याच केंद्रांवर होतो, गाठ बाहेरगावी जाऊन का होईना शोधलेली बरी. स्वादुपिंडाच्या एकेका धमनीत कॅल्शियम सोडून यकृताच्या शिरेतले इन्सुलिन मोजण्याची तपासणीही आहे, ती गाठ कोणत्या भागात आहे ते सांगते. ‘पोट उघडून शोधू’ असे कुणी म्हणाले तर दुसरे मत घ्या. ऑपरेशनच्या वेळी स्वादुपिंडावर थेट प्रोब ठेवून सोनोग्राफी करण्याची सोय तिथे आहे का, हेही विचारा.

प्रश्न : बायकोचे ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले. साखर आता १६० येते, मधुमेह झाला का? आणि गेली दोन वर्षे तिचे विसरणे वाढले होते, ते परत येईल का? — एक वाचक, औंध

उत्तर : पहिल्या प्रश्नाची काळजी नको. गाठीच्या इन्सुलिनमुळे बाकीच्या निरोगी बीटा पेशी महिनोन्‌महिने गप्प बसलेल्या असतात. त्यांना जागे व्हायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात, तोवर साखर थोडी वर राहते. स्वादुपिंडाचा मोठा भाग काढला असेल तरच मधुमेह कायम राहण्याची शक्यता असते. गाठ मुख्य नलिकेपासून दोन-तीन मिलिमीटर तरी लांब असेल तर ती नुसती सोलून काढतात आणि ग्रंथी शाबूत राहते. ऑपरेशननंतर लक्ष ठेवायचे ते पोटातल्या नळीतून येणाऱ्या पाण्यावर. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर त्यातले अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातले पाचक द्रव्य) रक्तातल्या सामान्य मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर स्वादुपिंडाचा रस झिरपतो आहे. घरी आल्यावर ताप, पोटदुखी वाढली किंवा नळीचे पाणी गढूळ झाले, तर वाट पाहू नका.

दुसरा प्रश्न अवघड आहे आणि त्याचे उत्तर खरे तेच द्यायला हवे. कमी साखरेचा मार मेंदूच्या सगळ्या भागांना सारखा बसत नाही. नव्या आठवणी नोंदवणारा हिप्पोकॅम्पस, बाहेरचा करडा थर आणि आतली बेसल गँग्लिया यांना तो जास्त बसतो. लहान मेंदू आणि मेंदूचे खोड बरेचसे वाचते. पेशी लगेच मरत नाहीत. आधी त्या काम थांबवतात, आणि साखर वेळेत मिळाली तर पूर्ववत होतात. म्हणून तासभर अर्धांगवायूसारखे लुळे पडलेले हातपाय ग्लुकोजनंतर चालू लागतात. पेशी मरतात त्या खोल बेशुद्धी लांबली तर. तेव्हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असा : त्या दोन वर्षांत त्या कधी तासन्‌तास बेशुद्ध पडून होत्या का? नसतील, तर आशा बाळगायला भक्कम आधार आहे. रोजची गुंगी, चिडचिड आणि विसरभोळेपणा यांचा बराचसा भाग साखर स्थिर झाल्यावर ओसरतो, आणि घाम-थरथरीची हरवलेली सूचनाही परत येते. उरलेला भाग असेल तर तो बहुधा नव्या गोष्टी लक्षात राहण्यात दिसतो. तीन महिन्यांनी आणि वर्षाने स्मरणशक्तीची पद्धतशीर चाचणी करून घ्या, म्हणजे अंदाजावर राहावे लागणार नाही. तोवर रोजची कामे, हिशेब, भिशीची वही त्यांच्याकडेच राहू द्या, हातातून काढून घेऊ नका. आकडीच्या गोळ्या चालू असतील तर त्या मेंदूविकारतज्ज्ञ हळूहळू उतरवतील. हातांच्या पंजाचे स्नायू बारीक झाले असतील तर तेही सांगा. वारंवार साखर उतरल्याने क्वचित नसांनाही इजा होते, ती सावकाश भरते.

प्रश्न : हा आजार मुलांना होतो का? माझी गाठ काढली, आता धाकट्याची काळजी वाटते. — एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : बहुतेकांच्या बाबतीत नाही. दहापैकी नऊ गाठी एकट्या आणि साध्या असतात आणि घराण्याशी त्यांचा संबंध नसतो. दहापैकी एखादा, किंवा त्याहूनही कमी रुग्णांत ती मेन-वन नावाच्या आनुवंशिक विकाराचा भाग असते. त्यात पॅराथायरॉइड (रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथी), पिट्युटरी (मेंदूखालची ग्रंथी) आणि स्वादुपिंड या तिन्हींत गाठी होतात आणि प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. तुमच्या स्वादुपिंडात एकापेक्षा जास्त गाठी निघाल्या होत्या का, तुमचे वय चाळिशीच्या आत होते का, घरात कुणाला वारंवार मूतखडे झाले का, हे पाहा. यातले एखादेही ‘हो’ असेल तर तुमचे स्वतःचे कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासा. साधी रक्ततपासणी आहे, कोणत्याही लॅबमध्ये होते. कॅल्शियम वाढलेले निघाले तर जनुकीय तपासणी आधी तुमची करायची, मुलाची नंतर, आणि तीही तुमच्यात दोष सापडला तरच.